रग्बीतल्या भरतीच्या बातम्या कशा वाचायच्या: नवख्यांसाठी पायरीपायरीने

फुटबॉलची सवय असलेला माणूस रग्बीच्या बातम्या वाचू लागला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कितीला घेतला? बहुतेक वेळा उत्तर निघतं, फुकटात. रग्बी युनियनमध्ये खेळाडू सहसा कराराची मुदत संपवून क्लब बदलतो, त्यामुळे जुन्या क्लबच्या हाती छदामही लागत नाही. मुदतीआधी करार सोडवून घेण्यासाठी पैसे मोजल्याची उदाहरणं आहेत, पण ती अजून अपवादातच जमा. खरी किंमत दुसऱ्याच खात्यात पडते. परदेशी क्लबशी करार करणारा खेळाडू कित्येकदा आपल्या देशाच्या संघातली जागा सोडून जात असतो. म्हणून बातमी वाचताना पैशाच्या आधी ‘आता तो देशाकडून खेळू शकेल का?’ हे विचारायचं. एवढी एक सवय लागली तरी बरंचसं कोडं सुटतं.

हे सगळं पंधरा जणांच्या रग्बी युनियनबद्दल आहे. तेरा जणांची रग्बी लीग १८९५ मध्ये इंग्लंडच्या उत्तर भागातल्या क्लबांनी वेगळी चूल मांडली तेव्हापासूनची, आणि भांडणाचं कारण खेळाडूंना पैसे द्यायचे की नाही हेच होतं. युनियन त्यानंतर शंभर वर्षं कागदोपत्री हौशीच राहिली. २६ ऑगस्ट १९९५ रोजी पॅरिसमध्ये हा खेळ ‘खुला’ झाल्याचं जाहीर झालं. म्हणजे हा बाजार जेमतेम तीस वर्षांचा आहे. दर दोन-तीन वर्षांनी कुठला ना कुठला नियम बदलतो, त्यामुळे जुना लेख वाचून ठाम मत बनवू नका.

पायरी १: खेळाडूचा मालक कोण, ते आधी शोधा

इंग्लंड आणि फ्रान्समध्ये क्लब खासगी मालकीचे आहेत. खेळाडूचा मुख्य करार क्लबशी असतो आणि पगारही क्लबच देतो. इंग्लंडच्या संघटनेने २०२४ पासून जास्तीत जास्त २५ आघाडीच्या खेळाडूंना स्वतःचे जादा करार द्यायला सुरुवात केली आहे, पण क्लबचा हात अजून वरचढच आहे.

न्यूझीलंड आणि आयर्लंड याच्या अगदी उलट. न्यूझीलंडमध्ये सुपर रग्बी या लीगमधल्या पाच संघांतल्या खेळाडूंचे करार राष्ट्रीय संघटनेकडे असतात. आयर्लंडमध्ये लेन्स्टर, मन्स्टर, अल्स्टर आणि कॉनॉट हे चारही प्रांतिक संघ संघटनेच्या छत्राखाली आहेत. मोजक्या अव्वल खेळाडूंना संघटना थेट ‘सेंट्रल करार’ देते, आणि बाहेरच्या देशातला खेळाडू आणायचा तर प्रांताला तिची परवानगी लागते. त्यामुळे लेन्स्टरने अमुक परदेशी खेळाडू घेतला अशी बातमी आली, की डब्लिनमधल्या संघटनेच्या कार्यालयाने मान डोलावली आहे हे गृहीत धरायचं.

जपानचं तिसरंच. २०२२ मध्ये सुरू झालेल्या लीग वनमधले बहुतेक संघ सनटोरी, तोशिबा, टोयोटा अशा बड्या कंपन्यांच्या पदराखाली वाढलेले आहेत. पैसा भरपूर, आणि हंगाम साधारण डिसेंबर ते मे-जून एवढाच. हा आटोपशीर हंगाम फार महत्त्वाचा आहे. का, ते पुढच्या पायरीत.

पायरी २: त्या देशाचा निवडीचा नियम पाठच करून टाका

इथे घाई करू नका, कारण सगळी मेख इथेच आहे.

न्यूझीलंड: परदेशी क्लबकडून खेळणाऱ्याला ऑल ब्लॅक्समध्ये, म्हणजे राष्ट्रीय संघात, घेत नाही. रिची मोउंगा २०२३ च्या विश्वचषकानंतर तोशिबाच्या ब्रेव्ह लुपस संघाकडे गेला, तिथे विजेतेपदं मिळवली, पण राष्ट्रीय संघाचं दार बंद झालं. पुढे त्याने न्यूझीलंडशी पुन्हा करार केला आणि २०२७ च्या विश्वचषकाचा मार्ग मोकळा करून घेतला. या कडक नियमाला एक पळवाट मात्र संघटनेनेच ठेवली आहे: सुट्टी. बिनीच्या खेळाडूला लांबलचक करार द्यायचा आणि त्यातच एक छोटा परदेशी मुक्काम मंजूर करायचा. जॉर्डी बॅरेटने २०२४ मध्ये २०२८ पर्यंतचा करार केला आणि त्याच घोषणेत लेन्स्टरकडे सहा महिने खेळायची मुभा मिळवली. डिसेंबर २०२४ ते जून २०२५ तो डब्लिनमध्ये होता, लेन्स्टरसोबत युनायटेड रग्बी चॅम्पियनशिप ही लीग जिंकला आणि परतला. बॉडन बॅरेट आणि आर्डी साविया यांनी हीच सुट्टी जपानमध्ये घालवली, कारण तिथला हंगाम जुलैतल्या कसोटींच्या (रग्बीत कसोटी म्हणजे दोन देशांमधला सामना) आत उरकतो.

इंग्लंड: परदेशी क्लबमधला खेळाडू घ्यायचा नाही, ‘अपवादात्मक परिस्थिती’ सोडून. ती कशी असते याचा नमुना म्हणजे हेन्री अरंडेल. लंडन आयरिश क्लब २०२३ मध्ये बुडाला आणि तो पॅरिसच्या रासिंग ९२ कडे गेला. क्लबच उरला नाही म्हणून त्याला सवलत मिळाली. २०२३ च्या विश्वचषकात चिलीविरुद्ध एकट्याने पाच ट्राय केले (ट्राय म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवणं). पुढे त्याने रासिंगशीच मुक्काम वाढवला आणि सवलत संपली. इंग्लंडचा दरवाजा पुन्हा उघडण्यासाठी त्याला २०२५ मध्ये बाथकडे परत यावं लागलं. एवढं लक्षात असेल तर ‘इंग्लिश खेळाडू फ्रान्समधून परतला’ ही बातमी वाचताना कारण शोधत बसावं लागत नाही.

वेल्स: संख्येवर चालतो. २५ कसोटी खेळलेला असाल तर वेल्सबाहेरच्या क्लबकडून खेळूनही निवड होऊ शकते. २०२३ पूर्वी हा आकडा ६० होता. त्यामुळे विशीतल्या वेल्श खेळाडूची बातमी आली की आधी त्याच्या कसोटी मोजा.

ऑस्ट्रेलिया: २०१५ मध्ये ६० कसोटी आणि सात वर्षं सेवा अशी अट घालून परदेशी क्लबमधल्यांना न घेण्याचा नियम सैल केला. तो माजी खेळाडू मॅट गिटो याच्या नावानेच ओळखला जातो. नंतर तो आणखी ढिला झाला. २०२३ च्या विश्वचषकात तर ऑस्ट्रेलियाचा कर्णधार विल स्केल्टन हा फ्रान्समधल्या ला रोशेलचा खेळाडू होता.

आयर्लंडमध्ये लेखी बंदीपेक्षा रीत मोठी. जॉनी सेक्स्टन रासिंगमध्ये असतानाही खेळला, पण सायमन झेबो २०१८ मध्ये त्याच क्लबकडे गेला आणि हिरवी जर्सी सुटली. दक्षिण आफ्रिका कुठूनही निवडते. तिथून चेस्लिन कोल्बेसारखे खेळाडू आधी तुलूझ, मग तुलाँ, मग टोकियो असे फिरत राहिले आणि २०१९ व २०२३ चे विश्वचषकही जिंकून बसले. ‘बाहेर गेला की खेळ बिघडतो’ म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसं आहे असं मला वाटतं. अर्थात, देशातले क्लब ओस पडतात ही तक्रारही खोटी नाही.

जोडीला जागतिक संघटनेचा पात्रतेचा नियम ध्यानात ठेवा. देशासाठी खेळायचं तर तिथला जन्म हवा, किंवा आई-वडील वा आजी-आजोबांपैकी कुणाचा तरी तिथला जन्म हवा, नाहीतर वास्तव्य. वास्तव्याची अट पूर्वी तीन वर्षांची होती, आता पाच वर्षांची आहे. २०२२ पासून आणखी एक वाट निघाली: तीन वर्षं कुठल्याच देशाकडून खेळला नसेल, तर रक्ताच्या नात्याच्या देशाकडे एकदाच जाता येतं. इस्रायल फोलाऊ ऑस्ट्रेलियाकडून आणि चार्ल्स पियुटाऊ न्यूझीलंडकडून खेळून झाल्यावर टोंगाच्या संघात दिसले ते यामुळेच.

पायरी ३: तारीख बघा

युरोपातले बहुतेक करार ३० जूनला संपतात. खेळाडू सप्टेंबर ते जून एका क्लबकडून खेळत असतो, आणि पुढच्या हंगामासाठी दुसऱ्या क्लबशी झालेला करार ऐन हिवाळ्यात जाहीर होतो. नवख्याला हे विचित्र वाटतं. शनिवारी ज्या क्लबविरुद्ध खेळायचं, सहा महिन्यांनी त्याचीच जर्सी घालायची! पण इथे ते रोजचंच आहे, प्रेक्षकही फारसे चिडत नाहीत.

म्हणून ‘करार केला’ आणि ‘दाखल होणार’ या दोन तारखा वेगळ्या वाचा. सर्वांत टोकाचं उदाहरण जोसेफ सुआअलीईचं. ऑस्ट्रेलियाच्या युनियन संघटनेने त्याला मार्च २०२३ मध्ये रग्बी लीगमधून पळवलं, तो आला २०२४ च्या अखेरीस, आणि पहिला सामना खेळला नोव्हेंबर २०२४ मध्ये लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर इंग्लंडविरुद्ध. घोषणेपासून मैदानापर्यंत दीड वर्षाहून जास्त.

पायरी ४: पगारमर्यादेत तो बसतो कसा

इंग्लंडच्या प्रीमियरशिप या अव्वल लीगमध्ये क्लबची मूळ पगारमर्यादा, म्हणजे सगळ्या खेळाडूंच्या पगारांवर मिळून हंगामात खर्चायची कमाल रक्कम, ६४ लाख पौंड आहे. महासाथीच्या काळात ती ५० लाखांवर आणली होती, २०२४-२५ पासून पूर्ववत झाली. यातून एका ‘मार्की’ खेळाडूचा पगार वगळता येतो. बाथने २०२३ मध्ये स्कॉटलंडच्या फिन रसेलला आणलं तेव्हा लोकांनी त्याच्या पगारावर चर्चा केली. क्लबच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न होता ती एकमेव वगळलेली जागा कुणाला द्यायची.

मर्यादा मोडली तर काय होतं ते सारासन्सला विचारा. सलग तीन हंगामांत मर्यादा ओलांडल्याबद्दल नोव्हेंबर २०१९ मध्ये ३५ गुण कापले गेले, ५० लाख पौंडांहून जास्त दंड झाला, आणि शेवटी युरोपचा विजेता असलेला हा क्लब खालच्या श्रेणीत ढकलला गेला. मालकाने खेळाडूंसोबत धंद्यात केलेली भागीदारी हीदेखील पगारातच मोजायची, असा तो निवाडा होता.

फ्रान्सच्या टॉप १४ या अव्वल लीगमध्ये मर्यादा एक कोटी युरोंच्या थोडी वर आहे. पण तिथे दुसरा चाप जास्त बोचतो: ‘जिफ’. फ्रान्सच्या मान्यताप्राप्त अकादमीत घडलेले खेळाडू सामन्याच्या २३ जणांच्या यादीत हंगामभराच्या सरासरीने ठरावीक संख्येत असावेच लागतात. हा आकडा १६ च्या घरात आहे. जिफ ठरायला फ्रेंच नागरिक असणं गरजेचं नाही, तिथे घडलेलं असणं गरजेचं आहे. सतरा-अठरा वर्षांच्या फिजियन मुलांना फ्रेंच अकादम्या का उचलतात, त्याचं उत्तर यात आहे. फ्रेंच क्लबची भरती वाचताना ‘जिफ आहे की नाही’ हे पाहिलं नाही तर काहीच पाहिलं नाही.

पायरी ५: कुठल्या जागेसाठी घेतलाय

चाहते दहा नंबरच्या फ्लायहाफसाठी, म्हणजे संघाची चाल ठरवणाऱ्या खेळाडूसाठी, वेडे होतात. क्लबचा माणूस रात्री झोपत नाही तो तीन नंबरच्या प्रॉपसाठी. स्क्रमची (दोन्ही संघांचे आठ-आठ जण एकमेकांना भिडून चेंडूसाठी रेटतात ती रचना) उजवी बाजू पेलणारा हा टाइटहेड मिळणं कठीण आणि घडायला वेळ लागतो; पंचविशीच्या आत पक्का झालेला विरळाच. त्यात सामन्याच्या आठ राखीव खेळाडूंमध्ये स्क्रमच्या पुढच्या रांगेच्या तिन्ही जागांसाठी (मधला हूकर, दोन बाजूंना प्रॉप) प्रशिक्षित माणूस लागतो. म्हणजे प्रत्येक सामन्याला दोन हूकर आणि चार प्रॉप. दोन प्रॉप जायबंदी झाले की क्लबची धावाधाव सुरू. ‘तीन महिन्यांसाठी प्रॉप उसना घेतला’ ही छोटीशी बातमी मला कित्येकदा मोठ्या नावाच्या भरतीपेक्षा जास्त सांगून जाते: दवाखान्यातली यादी वाढली आहे. फ्रान्समध्ये यासाठी ‘मेडिकल जोकर’ अशी सोयच आहे. दीर्घकाळ जखमी असलेल्याच्या जागी हंगामाच्या मध्ये माणूस घेता येतो.

पायरी ६: घोषणेचा मजकूर चाळणीतून गाळा

क्लबची घोषणा साधारण अशी असते: ‘अमुक खेळाडू पुढच्या हंगामापासून आमच्याकडे येत आहे. त्याने अनेक वर्षांचा करार केला आहे. व्हिसा आणि वैद्यकीय तपासणीच्या अधीन राहून.’

‘अनेक वर्षांचा’ म्हणजे बहुधा दोन किंवा तीन. नेमकी मुदत लपवली की पुढच्या वाटाघाटी सोप्या जातात. ‘अधीन राहून’ हा निव्वळ शिष्टाचार नसतो. वैद्यकीय तपासणीत खांदा किंवा मान नापास झाली की करार मोडतो, आणि रग्बीत खांदे-माना कशा असतात ते सांगायला नको. एका देशातून दुसऱ्या देशात जाताना जुन्या संघटनेचं ना-हरकत प्रमाणपत्रही लागतं, त्याशिवाय नोंदणी होत नाही. मजकुरात ‘पुढच्या वर्षाचा पर्याय’ असेल तर तो पर्याय कुणाच्या हातात आहे, क्लबच्या की खेळाडूच्या, ते शोधा. पगाराचा आकडा घोषणेत कधीच नसतो. वर्तमानपत्रात छापून येतो तो एजंटने सोडलेला असण्याची शक्यता दाट.

आणि सही झाली की नाही ते पाहा. शॉन एडवर्ड्स २०२० पासून विगनचा मुख्य प्रशिक्षक होणार असं त्या रग्बी लीग क्लबने २०१८ मध्ये थाटात जाहीर केलं. काही महिन्यांनी एडवर्ड्स म्हणाले, मी सहीच केलेली नाही. शेवटी ते फ्रान्सच्या राष्ट्रीय संघाचे बचाव प्रशिक्षक झाले.

पायरी ७: प्रशिक्षकांचं घड्याळ वेगळं

राष्ट्रीय संघांचे प्रशिक्षक विश्वचषकाच्या चार वर्षांच्या चक्राला बांधलेले असतात. बहुतेकांचा करार विश्वचषकापर्यंत असतो. त्यामुळे स्पर्धेच्या आदल्या वर्षीपासूनच पुढच्या माणसाचा शोध चालू होतो, आणि कधीकधी अवघड प्रसंग उभा राहतो. न्यूझीलंडने स्कॉट रॉबर्टसनची नेमणूक मार्च २०२३ मध्येच जाहीर केली, तेव्हा इयन फॉस्टर अजून खुर्चीत होते. उत्तराधिकारी ठरलेला असताना फॉस्टर संघाला अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेले आणि एका गुणाने हरले. याक निनाबर यांनी उलटं केलं: लेन्स्टरला जाणार हे विश्वचषकाआधीच सांगितलं, मग दक्षिण आफ्रिकेला जिंकवलं आणि डब्लिन गाठलं.

पदाच्या नावावर जाऊ नका. इंग्लिश क्लबांत ‘डायरेक्टर ऑफ रग्बी’ भरती, करार, बजेट पाहतो आणि मुख्य प्रशिक्षक मैदान सांभाळतो. काही ठिकाणी दोन्ही एकच. लेन्स्टरमध्ये लिओ कलन मुख्य प्रशिक्षक आहेत आणि निनाबर ‘सीनियर कोच’, पण बचावाचा ढाचा कुणाचा ते सामना पाहिला की कळतं.

चक्राच्या मधोमध कुणाला काढलं, तर साखळी सुटते. इंग्लंडने ६ डिसेंबर २०२२ रोजी एडी जोन्स यांना हटवलं. दोन आठवड्यांच्या आत लेस्टर क्लबचे प्रशिक्षक स्टीव्ह बोर्थविक नेमले. ते लेस्टरच्या करारात होते, म्हणून संघटनेला क्लबला नुकसानभरपाई द्यावी लागली. बोर्थविक यांच्यासोबत बचाव प्रशिक्षक केव्हिन सिनफिल्डही गेले. लेस्टरने हंगामाच्या मध्ये रिचर्ड विगल्सवर्थ यांना हंगामी, म्हणजे तात्पुरते, प्रशिक्षक केलं, आणि पुढे इंग्लंडने त्यांनाही नेलं. तिकडे जोन्स जानेवारीत ऑस्ट्रेलियाचे झाले, त्यासाठी डेव्ह रेनी यांना जावं लागलं. त्याच वर्षी ऑस्ट्रेलिया विश्वचषकाच्या इतिहासात पहिल्यांदा गटातच गारद झाला, आणि वर्ष संपायच्या आत जोन्स यांची जपानचे प्रशिक्षक म्हणून नेमणूक जाहीर झाली होती. एका बडतर्फीने चार संघांची घडी विस्कटली. प्रशिक्षक गेल्याची बातमी आली की त्याच्या मदतनिसांची यादी काढा. पुढच्या तीन बातम्या बहुतेक तिथूनच येतात.

सूचनेचा काळ (नोटीस पिरियड) हाही मुद्दा आहे. फेलिक्स जोन्स यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये इंग्लंडच्या प्रशिक्षकवर्गाचा राजीनामा दिला, पण सूचनेचा काळ लांबचा असल्याने पूर्ण सुटका व्हायला २०२५ चा जानेवारी उजाडला. मग ते पुन्हा दक्षिण आफ्रिकेकडे गेले. ‘राजीनामा’ वाचून दुसऱ्याच दिवशी नव्या संघात शोधू नका.

हंगामी प्रशिक्षकाला कमी लेखू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये, सिक्स नेशन्स ही युरोपातल्या सहा देशांची स्पर्धा चालू असतानाच, वॉरन गॅटलंड वेल्सच्या प्रशिक्षकपदावरून बाहेर पडले. कार्डिफ क्लबचे प्रशिक्षक मॅट शेरट यांनी क्लबची नोकरी ठेवून काम हाती घेतलं आणि जुलैत जपानमध्ये वेल्सची सलग १८ पराभवांची मालिका थांबवली. कायमची नेमणूक स्टीव्ह टँडी यांची झाली ती त्यानंतर, घाई न करता.

आता सुरुवात करायची कशी

एकच क्लब निवडा. वीस क्लबांच्या मागे लागलात तर काहीच लक्षात राहणार नाही. त्याच्या पहिल्या संघाची यादी काढा आणि प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहा: जागा, करार कधी संपतो, कुठल्या देशाकडून खेळतो किंवा खेळू शकतो, आणि क्लब फ्रेंच असेल तर जिफ की नाही. करार संपत आलेली नावं वेगळ्या रंगात ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात त्यातली निम्मी तरी बातमीत येतात. उरलेल्यांचं काय झालं ते मे महिन्याच्या आसपास क्लब जाहीर करतो त्या निरोपाच्या यादीत सापडतं. भरतीच्या घोषणांपेक्षा ती यादी जास्त प्रामाणिक असते.

२०२७ चा विश्वचषक ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आहे आणि पहिल्यांदाच २४ संघांचा आहे. त्यामुळे २०२६-२७ च्या हंगामात परदेशातून मायदेशी परतणाऱ्यांची रीघ दिसली तर नवल वाटून घेऊ नका. आणि आर३६० या प्रस्तावित फिरत्या लीगवर नजर असू द्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये आठ राष्ट्रीय संघटनांनी एकत्र येऊन तिच्यात जाणाऱ्यांना देशाच्या संघात घेणार नाही असं बजावलं, आणि पुढे तिची सुरुवात २०२८ वर ढकलली गेली. तिच्याशी नाव जोडलेल्या खेळाडूची बातमी आली तर पायरी २ वर परत या.